रंगनाथची प्रत

शेवगावच्या बाजारात रंगनाथनं कापूस चिमटीत धरून ताणला की त्याची प्रत ठरायची. तीच चिमूट त्यानं एकदा माणसाला लावली. थोरला भाऊ वारल्यावर भावजय चांगुणाच्या लेकीला, अश्विनीला, बघायला पाहुणे आले. भरल्या ताटावर हा हसत म्हणाला, "पोरगी चांगली हाय, पर फरदड हाय. शेवटच्या वेच्याचा माल." पाहुणे हात धुऊन उठले. अश्विनी सुप्याच्या कारखान्यात कामाला लागली, ती गावाकडं फिरकलीच नाही.

कापूस वेचताना चांगुणा गायची :

बाई पऱ्हाटी फुलली, पांढरं गं माझं शेत
लेक माझी उभी मधी, चांदणं गं झेलत

ते गाणं तेव्हाच सुकलं. ओठांत राहिली नुसती आग.

यंदा रंगनाथ कापसाच्या ढिगावरच फिट येऊन पडला. मेंदूत गाठ निघाली. मागं ना बायको, ना मूल. सावेडीला एमआरआय काढायला सोबत चांगुणाच निघाली. गाव म्हणालं, केवढं मन! तिला एवढंच ऐकायचं होतं, याच्या गाठीला कुठली प्रत लागते.

यंत्राची खडखड थांबली. त्याला आत उतरवत होते तोवर तिथल्या तपासणीच्या डॉक्टर नॅन्सींनी तिला पडद्यापाशी बोलावलं.

"मावशी, साध्या एमआरआयवर गाठ नुसती दिसते. आज तिच्यात रक्त किती खेळतंय ते बघितलं, आतली रसायनं तपासली. वाईट गाठ रक्त ओढून घेते. ही तशी नाही, खालच्या ग्रेडची, म्हणजे कमी धोक्याची वाटते. नक्की काय ते तुकडा तपासल्यावरच कळेल. पण ऑपरेशन टाळू नका, पुढं बिघडू शकते."

देवानं इथंही यालाच झुकतं माप दिलं!

"मीच सांगते त्याला," ती म्हणाली.

बाहेर बाकावर रंगनाथ सुईच्या जागी बोळा दाबून बसला होता.

"वहिनी, काय म्हनली मॅडम?"

"चहा पिऊ आधी."

"बोला की वो! जीव टांगलाय हितं."

"पाहुनं उठून गेलं तवा आमचा बी टांगलाच हुता की, भाऊजी."

त्यानं मान खाली घातली. "मस्करीत बोलून गेलो वो."

मस्करी! एकेक बोंड वेचावं तशी ती सावकाश म्हणाली, "फरदड निघाली गाठ. टाकाऊ."

कापूस काढून घेतल्यावर बोंडाच्या रिकाम्या नख्या उरतात, तसा त्याचा चेहरा झाला. तिनं तो डोळे भरून बघितला. तेवढ्यात तो उठला.

"मंग डोस्कं कशाला चिरायचं? चला घरी. गावातच मरतो."

तो दाराकडं निघाला. तो मरायला तिला काहीच करावं लागणार नव्हतं, नुसतं मागं चालायचं होतं. पण हा असाच मेला तर याला गाव हार घालणार, रडणार; आणि अश्विनीनं याच्या दहाव्याला पदर घेऊन बसायचं? तिनं त्याचं मनगट पकडलं.

"बस खाली. खोटं बोलले मी. गाठ बारक्या ग्रेडची वाटती. ऑपरेशन केलंस तर जगशील."

तो रडत तिच्या पायांशी वाकला. तिनं पाय मागं घेतले.

"माज्या न्हाई पडायचं. बरा हो, मंग तुला सुप्याला न्हेते. कारखान्याची पाळी सुटली की गेटवर, समद्यांदेखत, अश्विनीला हाक मारून तिच्या पाया पडायचं. ती बघंल न्हाईतर थुकंल."

"आन बगितलंच न्हाई तर?"

"दुसऱ्या दिशी परत न्हेनार. रोज न्हेनार. म्हनून तर जगायचं तुला."