सात नंबरचं कपाट

कारखान्यात सगळे त्यांना किल्लीकाका म्हणत. कमरेला बावीस किल्ल्यांचा जुडगा. काका चालायला लागले की आधी जुडगा ऐकू यायचा आणि मागून काका दिसायचे. चाकांच्या खुर्च्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात गेली सव्वीस वर्षं ते स्टोअर सांभाळत होते. स्टोअर आपल्यामुळे चालतं, स्टोअरमुळे कारखाना चालतो आणि कारखान्यामुळे दवाखाने चालतात, असा त्यांचा साधा सरळ हिशोब होता. पुढे जग कुणामुळे चालतं, ते मात्र विनयाने सांगत नसत.

या मोठेपणाचं मूळ सात नंबरच्या लोखंडी कपाटात होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ब्रेकच्या स्प्रिंगा संपल्या म्हणून तीन दिवस काम बंद पडलं होतं. बोटभर वस्तू, एका खुर्चीला दोन लागतात, पण ती नसेल तर खुर्ची उतारावरून माणसाला घेऊन कुठे जाईल याचा नेम नाही. तेव्हाच्या मालकांनी काकांना सगळ्यांदेखत असं झाडलं की पुढे आठवडाभर ते भिंतीकडे तोंड करून जेवले. त्या आठवड्यातच त्यांनी नेम केला. आलेल्या मालातली विसातली एक पुडी कुठेही नोंदवायची नाही, गुपचूप सात नंबरमध्ये टाकायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग कधी तुटवडा पडला की मॅनेजर घामाघूम होऊन स्टोअरमध्ये यायचे. काका दोन मिनिटं गंभीर चेहऱ्याने छताकडे बघायचे, "बघतो काय जमतंय ते" म्हणायचे, आणि थोड्या वेळाने चार पुड्या टेबलावर. "काका आहेत म्हणून निभतंय," सगळे म्हणायचे. हे वाक्य घरी जाऊन काका बायकोला रोज नवीन असल्यासारखं ऐकवत. तुटवडा पडतो त्यात त्या कपाटाचाही हात असेल, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही. डोकं होतं हो, पण ते बहुतेक त्याच कपाटात ठेवलेलं असावं.

आणि एक दिवस कारखान्यात फळा आला. फळा म्हणजे भिंतीवरचा मोठा स्क्रीन. खुर्च्या विकत घेणारे दवाखाने, खुद्द कारखाना, चाकं पुरवणारा, स्प्रिंगा पुरवणारी, सगळ्यांना आपापल्या जागी तोच फळा दिसणार. कुणाकडे किती माल आहे, कुणाला किती हवाय, सगळं उघड. तो बसवायला आलेली इंजिनिअर मुलगी दिवसभर हातात टॅबलेट धरून फिरायची, म्हणून तिचं नाव टॅबलेटबाई पडलं. तिने काकांना स्कॅनर दिला आणि समजावलं की पुडी आली की तिच्यावरच्या चिठ्ठीवर हा लाल दिवा धरायचा, बस. आता कुणी कुणाला विचारायला नको, फळा स्वतःच हिशोब करून मागणी पाठवेल. ही कालची पोर आपल्याला स्टोअर शिकवतेय, या रागात काकांनी पहिले दोन दिवस स्कॅनर उलटा धरला आणि यंत्र बिघडलंय म्हणून तक्रारही केली.

घरी त्यांनी बायकोला सांगितलं की हे म्हणजे घराचे पडदे काढून नेण्यासारखं झालं. बायको भाजी निवडत होती. तिने वर न बघता विचारलं, "अहो, पण तुमच्याकडे लपवायचं असं आहे तरी काय?" काका त्यावर अर्धा तास बोलले, आणि त्यात उत्तर तेवढं नव्हतं.

भीती त्यांना खरी वाटत होती. यंत्र मोजून मापून मागवणार, अडीअडचणीला वर एक पुडी ठेवणार नाही. उद्या काम बंद पडलं तर मालक यंत्राला थोडेच झाडणार? म्हणून काकांनी विसातल्या एका पुडीऐवजी चार बाजूला टाकायला सुरुवात केली. पुडीत पंचवीस स्प्रिंगा. आठवड्याला पाचशे येत, त्यातल्या शंभर स्कॅनरचं तोंड न बघता सात नंबरमध्ये.

फळ्याला बिचाऱ्याला कपाट कुठे माहीत? त्याने पाहिलं की पुरवणारीकडून पाचशे निघाल्या आणि स्टोअरमध्ये चारशेच दिसतायत. मधल्या शंभर स्प्रिंगा खुर्च्यांनाच लागल्या असणार. म्हणजे खप वाढला. त्याने पुढच्या आठवड्याला सहाशे मागवल्या. एवढा आकडा बघून काका आणखी घाबरले आणि दोनशे लपवल्या. फळ्याने सातशे मागवल्या. तीन महिन्यांत गाडी आठशेवर गेली. खुर्च्या मात्र रोजच्या चाळीसच बनत होत्या.

आता या स्प्रिंगा कोण पुरवत होतं? काकांची सख्खी धाकटी बहीण. तिचं छोटं वर्कशॉप होतं, दोन मशिनं, चार बायका कामाला. आठ वर्षं ती माल देत होती आणि तिची एकही पुडी कधी परत गेली नव्हती. नातं फाटकाबाहेर ठेवून येतो, असं काका छाती पुढे काढून सांगत, आणि तिचा माल इतरांपेक्षा दुप्पट कडक तपासत.

मागणी आठशेवर गेली तेव्हा ती एका रविवारी घरी आली. वहिनीशी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर काकांसमोर बसली. आठशे द्यायच्या तर दुसरं मशीनही याच कामाला लावावं लागेल, म्हणाली. त्या मशीनवर कपड्यांच्या चिमट्यांच्या स्प्रिंगा व्हायच्या, अकरा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक. त्याला नाही म्हणायचं आणि दोन नव्या बायका कामाला घ्यायच्या.

"मला फळ्याचं काही कळत नाही, दादा," ती म्हणाली. "तू तिथं आतमध्ये असतोस. ही मागणी खरी आहे का, एवढंच सांग."

खरं सांगायची ती वेळ होती. पण खरं सांगायचं म्हणजे कपाट सांगायचं, आणि कपाट सांगायचं म्हणजे सव्वीस वर्षांचे किल्लीकाका संपले. काकांनी चष्मा पुसला.

"फळ्यावर दिसतंय ना? मग खरीच असणार."

ज्या फळ्याला ते रोज नावं ठेवायचे, त्याचीच साक्ष काढली. बहिणीचा चेहरा मोकळा झाला. सोमवारी तिने चिमटेवाल्याला नकार कळवला.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दोन आठवड्यांनी टॅबलेटबाईने जाहीर केलं की सोमवारी सगळी कपाटं उघडून माल मोजायचा. शनिवारी सगळे घरी गेल्यावर ते सात नंबरपुढे मांडी घालून बसले आणि एकेक पुडी लाल दिव्याखाली धरू लागले. एकशे त्र्याहत्तर पुड्या. चार हजार तीनशे पंचवीस स्प्रिंगा. शेवटची पुडी झाली तेव्हा फळा हिरवागार झाला होता, आणि सुटलो एकदाचा, असं म्हणून काका घरी जाऊन पोटभर जेवले.

सोमवारी सकाळी फळ्याने त्याचं काम चोख केलं. नऊ आठवड्यांचा माल स्टोअरमध्येच आहे, मग मागवायचा कशाला? बहिणीच्या नावापुढे सलग नऊ शून्यं.

मोजणीत एक पुडीही कमीजास्त निघाली नाही. टॅबलेटबाईने काकांचं कौतुक केलं. ते त्यांनी ऐकून घेतलं, यावरून माणूस किती कोडगा होऊ शकतो ते बघा.

बुधवारी बहीण स्टोअरच्या खिडकीशी उभी राहिली. हातात एक डबा, त्यात तिच्याच स्प्रिंगा आणि मोजायचं माप. दोन दिवस बसून तिने चारशे स्प्रिंगा एकेक करून ताणून बघितल्या होत्या. बोटांना चिकटपट्ट्या होत्या. तिला वाटलं होतं की तिचाच माल उतरला, म्हणून काम बंद झालं, आणि दादा नात्यामुळे तोंडावर सांगत नाहीये.

"दोष माझ्यात असेल तर सांग, दादा," ती हळू आवाजात म्हणाली. "मी दुरुस्त करीन. शुक्रवारी त्या दोघींना येऊ नका म्हणून सांगावं लागणार आहे. निदान कशामुळे ते तरी सांगता येईल."

काका म्हणाले, बघतो काय जमतंय ते. आणि सवयीने छताकडे बघितलं. छतावर एक कोळी होता, त्यालाही काही सुचत नव्हतं.

त्या दिवशी घरी काकांनी ताट तसंच सरकवलं. बायकोने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, नुसती समोर बसून राहिली. मग काकांनी सगळं सांगितलं. ऐकून ती एवढंच म्हणाली की बहिणीच्या बोटांपेक्षा तुमचं नाक मोठं आहे का, ते एकदा आरशात बघून घ्या.

दर गुरुवारी फळ्यावरच सगळ्यांची बैठक व्हायची. मॅनेजर आणि टॅबलेटबाई खोलीत, बाकीचे स्क्रीनवर चौकोनाचौकोनात. दवाखान्यांसाठी खरेदी करणाऱ्या बाई, चाकवाला, आणि खालच्या कोपऱ्यात बहीण. काका नेहमी आपल्या टेबलावरच्या संगणकावरून नुसते मान डोलवायचे. त्या गुरुवारी त्यांनी हात वर केला आणि बोलायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांपूर्वीपासून सगळं सांगितलं. कपाट, पुड्या, मालक, भिंतीकडे तोंड करून जेवलेले आठ दिवस. सांगताना डोळे भरून आले. संपवून वर पाहिलं तर सगळे तसेच शांत बसलेले. काकांना वाटलं, धक्का बसलाय. तेवढ्यात टॅबलेटबाई दारातून डोकावून म्हणाली, काका, तुमचा माईक बंद आहे.

पापाची कबुली एकदा देतानाच माणसाची गाळण उडते. काकांना ती दोनदा द्यावी लागली. दुसऱ्या खेपेला रडू आलं नाही, लाज तेवढी आली, आणि म्हणून ती जास्त खरी होती. शेवटी ते म्हणाले, "मागणी कधी वाढलीच नव्हती. फळा खोटा नाही, स्प्रिंगा खोट्या नाहीत. खोटा मी आहे."

चाकवाला खाकरला आणि म्हणाला की आता विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, चाकांना दहा दिवस लागतात असं तो नेहमी सांगतो, खरे सहाच लागतात. खरेदीवाल्या बाई म्हणाल्या की वेळेवर मिळत नाहीत म्हणून त्या सत्तरच्या जागी शंभर खुर्च्या मागतात. मॅनेजर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत होते, मग त्यांनीही कबूल केलं की मालकांना सांगताना ते प्रत्येक तारखेत आठ दिवस मिळवतात. प्रत्येकाकडे एकेक कपाट होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की शहाणे आपणच. हसायला लागले सगळे. काकांनाही हायसं वाटलं, तेही हसणार होते.

पण खालच्या कोपऱ्यातली हसली नव्हती. तिचं कपाट नव्हतं. तिला जे सांगितलं ते तिने खरं मानलं होतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती म्हणाली, आणि तिचा चौकोन काळा झाला.

तुम्हाला, म्हणाली. जन्मात पहिल्यांदा.

बाकीचं तासाभरात मार्गी लागलं. कपाटातला माल एकदम न संपवता अठरा आठवडे निम्मा निम्मा वापरायचा, म्हणजे तिच्याकडे दर आठवड्याला अडीचशेचं काम राहील. चाकवाल्याला एका नव्या कामासाठी स्प्रिंगा हव्याच होत्या, त्या तिने कराव्यात. शुक्रवारी दोघींपैकी कुणालाही घरी बसवलं गेलं नाही. सात नंबरचं दार मॅनेजरनी कायमचं काढून नेलं. बहिणीने फळ्यावर फक्त एक शेरा लिहिला. रोज संध्याकाळी स्टोअरवाल्यांनी माल हाताने मोजून तशी खूण करावी, ती दिसल्याशिवाय मी स्प्रिंगांची तार कापणार नाही. टॅबलेटबाईने तशी एक चौकट करून दिली. यंत्र आलं म्हणजे आपला शब्द कोण विचारणार, म्हणून काका चार महिने कुढत होते. आता यंत्र रोज त्यांचा शब्द मागणार होतं, आणि शब्दाला मात्र दमडीची पत उरली नव्हती.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी दोनदा मोजलं. आकडा फळ्याशी जुळला. खूण करायला बोट पुढे नेलं आणि ते तिथंच अडलं.

टेबलाच्या खणात, चष्म्याच्या डबीखाली, एक पुडी होती. शनिवारी सगळं कपाट रिकामं करताना ही सांगायची राहून गेली होती. राहून कसली गेली, ठेवली होती. अडीअडचणीला. दोनदा कबुली देऊनही ठेवली होती. काकांनी ती पुडी बाहेर काढली आणि स्वतःला अशी एक शिवी दिली की ती इथं लिहिता येणार नाही. मग लाल दिवा पुडीवर धरला.

दोन मिनिटांत फोन वाजला. मागे मशीनचा आवाज येत होता.

"या पंचवीस कुठून आल्या?"

"खणातून."

"अजून कुठे?"

काकांनी खण पुन्हा उघडला. डब्याची पिशवी झटकली. शर्टाचे खिसेही चाचपले.

"आता कुठेच नाही."

मशीन चालूच होतं.

"मोजून सांगतोयस ना, दादा?"

"मोजून."

"बरं. मग उद्या तार कापते."

काकांनी चौकटीत खूण केली. पहिल्यांदा बोट चुकून बाजूला पडलं, म्हणून चष्मा पुसून ती पुन्हा केली.