दोन रिंगा

आज आपल्याला नक्की काय वाटायला हवं, हेच ताईला कळत नव्हतं. समोर आई लाकडी काड्यांनी माशाचा तुकडा अलगद उचलत होती, जशी काही जन्मभर तेच करत आली आहे. विणकामाच्या सुयांवर तयार झालेले हात ते, त्यांना काय जड! ताईच्या नवऱ्याने मात्र काड्यांशी झटापट करून शेवटी मुकाट्याने चमचा मागवला.

आईच्या साठीनिमित्त या जपानी हॉटेलातलं जेवण महिन्यापूर्वीच ठरलं होतं. आणि आज सकाळी बातमी आली. समुद्रापलीकडे, जिथे ताईचा धाकटा भाऊ पुलाच्या कामावर होता, तिथे मोठा भूकंप झाला होता. त्याचा फोन लागत नव्हता. आईला इतक्यात सांगायचं नाही, असं नवराबायकोने ठरवलं. तिला बातमी दिसू नये म्हणून ताईने तिचा फोन गुपचूप आपल्या पर्समध्ये टाकला आणि "घरी चार्जिंगला लावलाय" अशी थाप मारली.

"खा ना गं, नुसती बघत काय बसलीस?" आई म्हणाली.

ताईने घास घेतला. गार मासा, खाली कोमट, आंबूस भात. इतका छान लागला की तिला स्वतःचीच चीड आली. भाऊ कुठे ढिगाऱ्याखाली असेल आणि आपल्याला चवी सुचतात! तिने रागारागाने दुसरा घास घेतला. तोही छानच लागला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडतेस की काय?"

"ते हिरवं तिखट जास्त लागलं."

"फार झोंबतं हो ते," म्हणत नवरा मदतीला धावला आणि पुरावा म्हणून हिरवा गोळाच तोंडात टाकला. मग बराच वेळ तो बोलायच्या स्थितीत नव्हता.

तेवढ्यात पर्समध्ये आईचा फोन वाजला.

धाकटा रोज जेवणाच्या वेळी आईला दोन रिंगा देऊन फोन बंद करायचा. दोन रिंगा म्हणजे मी खुशाल. इकडून उचलायचा नाही. उचलला तर घरी काहीतरी विपरीत घडलंय, असा वडिलांनी घालून दिलेला नियम होता. चार वर्षांत तो फोन एकदाच उचलला गेला होता, वडील गेले त्या दिवशी.

ताईने पर्स टेबलावर उपडी केली. दुसऱ्या रिंगेला तिने फोन कानाला लावला.

"हॅलो! अरे, कसा आहेस तू?"

 पलीकडे धाकट्याचा आवाज फाटला. "ताई? फोन का उचललास? आईला काय झालं? ताई, सांग ना!"

"अरे, आई इथेच..."

फोन बंद झाला.

"जिवंत आहे!" ताई ओरडली. पण तिला हसताही येईना. "आई, तिकडे भूकंप..."

"माहीत आहे. सकाळीच रेडिओवर ऐकलं." आईने काड्या खाली ठेवल्या. "तुमचं जेवण नासायला नको म्हणून गप्प बसले. म्हटलं, घरी जाऊन बघू, दोन रिंगा आल्यात का."

आईने फोन ओढून घेतला आणि धाकट्याला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नवराही आपल्या फोनवरून लावत बसला. वाढणारी बाई गरम सूपचे तीन वाडगे ठेवून गेली, कुणी पाहिलंही नाही.

"त्याचं तिकडे छप्पर पडलं असेल," आई म्हणाली, "आणि पोर घोर करतंय माझा. कोण सांगणार आता त्याला, की मी इथे बसून जेवतेय?"