जिथं सतरंजी, तिथं सभा

मी शाळेची सतरंजी बोलतेय. बसा ना. चपला तेवढ्या कडेला काढा म्हणजे झालं.

लाल-निळ्या पट्ट्यांची, जाड सुताची मी. औशाच्या बाजारात एका दुकानाबाहेर गुंडाळून उभी होते, तेव्हा दगडोबा नावाच्या म्हाताऱ्यानं मला नखानं खरवडून पाहिलं आणि चाकूर तालुक्यातल्या आपल्या गावी आणलं. त्यांचा नातू जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला लागला होता आणि थंड फरशीवर बसून त्याचं पोट दुखायचं. "शाळेला देतोय, पर गावाला लागली तर न्हाई म्हणू नका," एवढं सांगून म्हातारबा निघून गेले. तेव्हापासून दिवसा मी लेकरांची आणि अडल्या वेळी गावाची. माझ्यावर बारशी झाली, सोयरिकी ठरल्या, एक-दोन मोडल्याही.

आणि महिन्यातून एकदा माझ्यावर शाळा व्यवस्थापन समिती बसायची. सरकारनं नेम मोठा चांगला घालून दिलाय. समितीत बहुतेक पालकच असावेत, निम्म्या बाया असाव्यात. खिचडीचा तांदूळ कसा आला, भिंतीला ओल का, गुरुजी वेळेवर येतात का, हे गावानंच बसून विचारावं. हेडमास्तर नुसते सचिव. पण नेम देवाचा असो की सरकारचा, पाळणारं माणूस लागतं.

आमच्या गावात समितीवर बाया होत्या आणि सभेला त्यांचे नवरे बसायचे. शिवकन्येच्या जागी तिचा नवरा लखन. "मंडळीच्या वतीनं मीच की," म्हणत पुरुष पाय पसरायचे, तंबाखू मळायचे आणि अध्यक्ष अंगद बोलेल त्याला माना हलवायचे. अंगदचं धाकटं लेकरू आमच्या पटावर होतं, बसायचं मात्र चाकूरच्या इंग्रजी शाळेत.

स्वतःच्या पायानं येणारी बाई एकच, बौद्ध वस्तीतली सरजाबाई. तिचा नवरा भीमा लातूरला बांधकामावर असायचा. ती माझ्या अगदी काठावर, दशांवर बसायची. तिथं बस असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आत सरक असंही कुणी कधी म्हणालं नाही.

मागच्या मार्गशीर्षात वरून विचारणा आली, पोरं कमी आहेत, शाळा बंद करून लेकरांना लातूर-नांदेड रस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायला समितीची हरकत आहे का. अंगदला हरकत नव्हती. शाळेची जागा रस्त्याला लागून, तिथं गाळे निघाले तर त्याला हवेच होते. पण या खेपेला बाया स्वतः सभेला येणार अशी कुणकुण त्याच्या कानी गेली होती. रस्ता असा की ट्रकमागं ट्रक. मोठ्या माणसाला ओलांडता येईना, तिथं पोरींना कोण धाडणार? शिवकन्येची जया चौथीत होती. "शाळा पलीकडं गेली की पोरगी घरात," असं लखननं घरी सांगून टाकलं होतं.

हेडमास्तर रविकांत सरांना अंगद म्हणाला, "सर, सभा गुरुवारी ठेवा. बायांचा उपास, पूजा, हळदीकुंकू. डोकं खायला कुणी येत न्हाई." सर खाली बघत हो म्हणाले. मी तिथंच अंथरलेली होते. जाडी असले तरी मला ऐकू येतं, बोलता तेवढं येत नाही.

निरोप नवऱ्यांनाच गेला. एक गोष्ट मात्र अंगद विसरला. सरजाबाईच्या घरी मार्गशीर्षातले गुरुवार नसतात, आणि भीमा लातूरला असल्यानं निरोप थेट तिच्याच हाती पडला.

गुरुवारी दुपारी शिवकन्येनं मला हळदीकुंकवासाठी मागून नेलं. कपाटातून काढून देणाऱ्या शिक्षिका बाईंना सभेचं ठाऊक नव्हतं, नाही तर मी कपाटातच राहिले असते. शिवकन्येनं मला झटकलं, ओटीवर अंथरलं, माझ्या कडेला पाटावर कलश मांडला. दिवसभर पाण्यावर असलेली बाई, पण चेहरा कसा उजळला होता. गल्लीतल्या बाया येऊन बसल्या, समितीवर नावं असलेल्याही. तिची सासू पंचफुलाबाई भिंतीला टेकली. शिवकन्येनं पोथी उघडून कथा सुरू केली, आणि अंगणात सरजाबाई येऊन उभी राहिली.

कथा थांबली. सरजाबाईला कुणी बोलावलेलं नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं, इतरांनाही.

"पूजेत मधीच आले म्हणून राग धरू नका," ती म्हणाली. "शाळेत सभा बसलीय. समद्या बाप्यांची. तुमच्या नावानं शाळा बंद कराया हो म्हणून मोकळे होतेत. मला म्हणाले, सही कर आन् जा. मी आले इकडं."

"आन् आम्ही काय करावं मग?" एक बाई फणकारली. "उपास सोडून भांडाया यावं?"

"या न्हाईतर नका येऊ. शाळा माझी एकटीची न्हाई."

तेवढ्यात लखन आला. सरजाबाईला पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. फरशी गार लागतेय म्हणून अंगदनं त्याला मला न्यायला पाठवलं होतं. उठा म्हणाला. कुणी उठेना. तेव्हा त्यानं माझं टोक धरलं आणि बाया बसलेल्या असताना ओढलं. टर्रकन मी कोपऱ्यातून वीतभर फाटले. पाटाला धक्का लागून कलश डुचमळला, नारळ कलला. शिवकन्येनं दोन्ही हातांनी सावरला.

शिवकन्या सासूकडं बघत होती. अर्धी कथा टाकून उठायचं म्हणजे व्रताला दोष, हे त्या घरात मांजराला सुद्धा ठाऊक.

पंचफुलाबाई पदर सावरत म्हणाली, "पोथी जयाकडं दे. वाचती ती. मी ऐकती. तू जा."

जयानं बोट ठेवून पुढची ओळ वाचायला घेतली. शिवकन्येनं मला गुंडाळून खांद्यावर टाकलं. "सभेला सतरंजी पाहिजे ना? मीच आणते," नवऱ्याला एवढंच म्हणाली. मागच्या टोकाला सरजाबाईनं हात घातला. बाकीच्या बाया कुंकवाच्या कपाळानं मागून निघाल्या.

शाळेत आम्हाला बघून अंगद हसला. "काय वैनी, वाण वाटाया आलाव का? घरी जा, उपाशी चक्कर येऊन पडताल."

"पडले तर याच शाळेत पडीन, अध्यक्ष," शिवकन्या म्हणाली. बायांनी मला अंथरलं आणि मधोमध बसल्या. पुरुष भिंतीला सरकले. कोण कुणाच्या जिवावर उड्या मारतंय, आता वस्तीवरच्या बाया गाव चालवणार का, असलं बरंच काही बोललं गेलं. सगळं सांगत नाही, माझ्यावर लेकरं बसतात.

सरजाबाईनं सरांना सरळ विचारलं, "समितीवर नाव कुणाचं? आमचं का यांचं?"

रविकांत सरांनी चष्मा पुसला. अंगदकडं पाहिलं, मग माझ्या फाटक्या टोकाकडं. "सदस्यांनीच बोलायचं," ते हळूच म्हणाले.

"तिचं मी सांगितलंय की मघाशीच," लखन ओरडला. "हरकत न्हाई आमची."

शिवकन्या उठून उभी राहिली. "हरकत हाय. माझी हाय. शाळा हितंच ऱ्हावी."

मग समितीतली एकेक बाई तेच म्हणाली. कुणी ठासून, कुणी पदराआडून. दोन पुरुष सदस्यही पुटपुटत त्यांच्याकडं वळले. समितीनं संमती नाकारली. अंगद उठला, मला तुडवत गेला, तोही चपलांसकट. "बघतो एकेकीला," दारातून म्हणाला.

शिवकन्या परतली तेव्हा जयाची कथा वाचून झाली होती. आरती झाली, उपास सुटला. लखन जेवला नाही. कितीतरी दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पिठाच्या गिरणीवर बायांना टोमणे, सरजाबाईच्या तुकडाभर शेतावर मजुरांचं येणं बंद. एकदा शाळेच्या दारावर शेण फासलं होतं. शिवकन्येनं ते धुतलं आणि उंबऱ्याला हळदीकुंकू वाहिलं.

पुढच्या गुरुवारी तिनं स्वतः जाऊन सरजाबाईला बोलावलं. सरजाबाई आली, म्हणाली, "कुंकू आमच्यात न्हाई." शिवकन्येनं केळी आणि दूध पुढं केलं आणि तिला आपल्या शेजारी आत बसवलं. दोघी-तिघी उठून गेल्या. बाकीच्या बसल्या.

माझं फाटलेलं टोक तसंच लोंबत होतं. एके दिवशी शाळा सुटल्यावर लखन दाभण आणि सुतळी घेऊन आला. शिवकन्या आवरायला आली होती. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "शाळेची वस्तू हाय, म्हणून शिवतोय." टाके वाकडेतिकडे पडले, पण घट्ट पडले. ती समोर बसून दोरा धरत होती. देवाघरी उशीर असतो, अंधेर नसतो म्हणतात ना, तसं असेल.

आता वरून पुन्हा विचारणा आलीय. अंगद घरोघर फिरतोय, कुणाला दम, कुणाला आमिष. या सोमवारी सभा आहे. मोजक्या बायांनी किती दिवस तग धरावा?

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमचं लेकरू इथं शिकत असेल, नसेल, तरी या. नवऱ्याला धाडू नका, स्वतः या. मी पूर्ण उलगडून अंथरलेली असेन, आणि मधे जागा आहे.