एवाल्डला ऐकू न आलेला कुक्कू

एवाल्ड डॉर्नीडनला यंदा कुक्कू पक्षी ऐकू आला नव्हता. बाकी सगळ्या गावाला आला होता. पाद्रीबाबांना आला, पोस्टाच्या बाईंना आला, अगदी दोन्ही कानांत यंत्रं घालणाऱ्या म्हाताऱ्या गासमानलाही आला. जर्मनीतल्या आइक्सफेल्ड भागातल्या सॉसेजचा इतिहास कोळून प्यालेल्या या महापंडिताच्याच कानांत तेवढे बोळे बसले होते.

हिवाळ्यात डुक्कर मारायचं, मांस गरम असतानाच कालवून मूत्राशयाच्या पिशवीत ठासायचं आणि तो भोपळ्याएवढा सॉसेजचा गोळा, म्हणजे फेल्डगीकर, मातीच्या भिंतींच्या खोलीत वाळायला टांगायचा. मग वसंतात कुक्कूची पहिली हाक ऐकल्याशिवाय त्याला सुरी लावायची नाही. हा नियम एवाल्ड वर्षानुवर्षं गावच्या सभागृहात ऐकवत आला होता. जुन्या काळी बिशपकडे जाणारा सॉसेजचा वाटा, नेपोलियनच्या शिपायानं पळवलेला फेल्डगीकर (पुरावा शून्य, टाळ्या हमखास), देशाची फाळणी होऊन मधोमध सीमेच्या तारा पडल्या तरी दोन्हीकडच्या घरांत टांगलेलं तेच सॉसेज. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. मांस कालवायची मात्र त्याची बायको, ओटिली. हा शेजारी उभा राहून तिलाही इतिहास सांगायचा.

डिसेंबरात ओटिलीनं फेल्डगीकर भरला आणि फेब्रुवारीत ती गेली. आता वरच्या खोलीत तो एकटाच लटकत होता. खाल्ला की संपला, तिच्या हातचं घरात काही उरणार नाही. म्हणून एवाल्डनं आपलाच नियम पुढे केला. हाक ऐकू आली नाही तर कापायचं कसं? परंपरा म्हणजे परंपरा!

आपण किती बावळटपणा करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. सकाळी परसातल्या सफरचंदाच्या झाडावर कुक्कू बोंबलायला लागला की सत्तरीचा हा शहाणा धावत जाऊन रेडिओचा आवाज वाढवायचा. त्या धावपळीत एकदा गुडघाही आपटून घेतला होता.

मे संपत आला तेव्हा ओटिलीची धाकटी बहीण वालबुर्गा पाव घेऊन दारात उभी राहिली.

"कापलास का रे?"

"कुक्कू कुठे बोललाय अजून?"

तेवढ्यात परसातून हाक आली. एकदा नव्हे, चांगली चार-पाचदा.

"मग हा कोण? तुझा काका?"

"होला घुमत असेल," एवाल्ड म्हणाला.

वालबुर्गा मटकन खुर्चीत बसली आणि पोट धरून हसायला लागली. "वा रे पठ्ठ्या! मार्चात बर्फ पडत असताना होल्याला कुक्कू ठरवून सुरी शोधणारा तू! दरवर्षी ताईची चापट खायचास."

खोटं काय होतं त्यात? हावरटपणात त्याचे कान भलतेच तिखट व्हायचे.

"अगं, संपेल तो," एवाल्ड कसाबसा म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं. सॉसेजपायी ढसाढसा रडणारा इतिहासकार! रडतानाही त्याला स्वतःची लाज वाटली.

वालबुर्गाचं हसू थांबलं. "हॉस्पिटलात ताईनं मला सांगून ठेवलं होतं. म्हणाली, यंदा याला कुक्कू ऐकू यायचा नाही. मे सरेपर्यंत वाट बघ आणि मग पाव घेऊन जा. नाहीतर हा बाबा वास सुटेपर्यंत तो टांगून ठेवील आणि वर त्यावर भाषण ठोकेल."

एवाल्डला रडता रडता हसू फुटलं. "आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, सुरी त्याच्या हातात देऊ नकोस. जाडजूड चकत्या कापतो, हावरट कुठला."

एवाल्डनं नाक पुसलं. वर जाऊन फेल्डगीकर उतरवून आणला आणि सुरी स्वतःच हातात घेतली. पहिली चकती त्यानं इतकी पातळ कापली की तिच्यातून खिडकी दिसावी.

"अरे, एवढी पातळ?" वालबुर्गा म्हणाली.

"पुरवून खायचाय," एवाल्ड म्हणाला आणि दुसरी त्याहून पातळ कापायला लागला.