राजाभाऊंचा वारा

वणव्यामुळे पुढची वाट बंद आहे, हे वनरक्षक भागोजींनी खिंडीतच सांगितलं होतं. "सुमारगडाचा अख्खा उतार पेटलाय. आल्या वाटेनं रसाळगडावर परत जा. आत्ताच निघा," असं म्हणून ते हिरवी फांदी घेऊन आग झोडपणाऱ्या माणसांमागे धावले.

आर्याने सॅक उचलली. पण तिचे वडील, राजाभाऊ, खडकावर बसून राहिले. रसाळगड, सुमारगड, महिपतगड अशी तीन गडांची चाल त्यांनी कॉलेजपासून मनात धरली होती. हृदयात स्टेंट बसल्यावर, घरच्यांशी भांडून ते लेकीबरोबर निघाले होते. सुमारगड आता समोर होता आणि त्यामागे शेवटचा महिपतगडही दिसत होता.

"थोडं थांबू," ते म्हणाले. "उन्हं कलली की वारा पडतो, मग उलटा फिरतो. आग जळल्या जागेवर परत येते नि विझते. पालीला आपल्या आंब्याच्या बागेत जन्मभर पाचोळा जाळतोय मी."

"बाबा, आपली बाग सपाटीवर आहे. इथे उतार तापलाय. तो हवा वर ओढणार."

"एम. एस्सी. केलंस म्हणून वारा तुझं ऐकणार होय गो?"

आर्या हसली आणि त्यांच्या शेजारी बसली.

उन्हं कलली, पण वारा काही पडला नाही. पश्चिमेचा उतार दिवसभर भाजून निघाला होता आणि हवा खालून वर येतच राहिली. आधी वास आला, मग कारवीच्या काड्या तडतडायला लागल्या, आणि ज्या वाटेने परत जायचं होतं तिच्यावरच धूर उभा राहिला. राजाभाऊंना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. ओठ निळसर दिसू लागले.

"वर चल, डोंगराच्या धारेवर," ते उठत म्हणाले.

"वर नको. चढावर आग आपल्यापेक्षा वेगाने येते."

"मग काय इथेच बसू?"

डावीकडे सकाळी जळून गेलेला काळा उतार होता. जळायला काही उरलं नव्हतं अशी तेवढीच एक जागा. मधे गुडघाभर ज्वाळांचा पट्टा सरकत होता. आर्याने उरलेलं सगळं पाणी वडिलांच्या गळ्यातल्या पंच्यावर ओतलं.

"अगो, पिण्याचं पाणी ते!"

"तोंडावर धरा. धावायचं."

"आगीत? वेड लागलं का तुला?"

तिने वडिलांचा दंड धरला आणि जिथे गवत सर्वांत खुरटं होतं तिथून त्यांना ओढत नेलं. पोटऱ्यांना चटका बसला. भुवया जळाल्याचा वास आला. मग पायाखाली नुसती राख.

त्यांच्यामागून आग धारेकडे धडधडत गेली. राजाभाऊ ते बघत राहिले. थोड्या वेळापूर्वी ते तिकडेच निघाले होते.

"वाट कुठाय?" त्यांनी विचारलं.

आर्या शोधू लागली. गवताच्या रानात वाट म्हणजे गवत नसलेली रेघ. आता गवतच गेलं होतं, त्याबरोबर वाटही गेली होती. सगळा डोंगर सारखाच काळा. मोबाइलला रेंज नव्हती.

राजाभाऊ खाली बसू लागले. पण बसणार कुठे? बुटांचे तळ तापून चिकटत होते, खुंट अजून धुमसत होते. तिने त्यांच्या पाठीला पाठ लावली आणि पाय रोवून त्यांचा भार पेलला. त्यांचा श्वास तिला पाठीतून कळत होता: तुटक, मग नाहीच, मग पुन्हा.

"बाबा, बोलत राहा. बागेत विहिरीजवळ कुठला आंबा?"

"पायरी."

"आणि गेटापाशी?"

तिने पाठीनेच त्यांना हलकेच ढोसलं.

"बाबा, गेटापाशी?"

"रायवळ. आंबट." मग घोगऱ्या आवाजात, "माझं चुकलं गो."

"ते घरी गेल्यावर. पाठ सोडू नका."

खालून, धुराच्या पलीकडून माणसांचे आवाज आले. ती जिवाच्या आकांताने ओरडली. राजाभाऊंचं डोकं तिच्या खांद्यावर कलंडलं. पुढे जाऊन हात हलवावा तर ते पडणार, हे तिला कळत होतं.

"कोण आहे? कुठं?" खालून भागोजींची हाक आली.

आर्याने आजूबाजूला पाहिलं. सांगावं असं झाड नाही, झुडूप नाही, वाट नाही. सांगायचं काय?

आवाजाच्या रोखाने तरी ते येतील म्हणून ती नुसती ओ देत राहिली. प्रत्येक ओ नंतर पाठीतला श्वास चाचपत होती.