नाकावरचा पोचा

मित्रांनो, माझ्या नाकाला पोचा आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मी थांबते.

मी ॲल्युमिनियमची एक जुनी कनू, म्हणजे दोघांनी वल्हवायची निमुळती होडी. जन्म कारखान्यातला, बारसं मात्र मिशिगनमधल्या एका संथ नदीकाठी, एक्क्याऐंशी साली. इंजिनिअर नरेंद्रकाकांनी मला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ थेट माझ्या नाकावर हाणला. नारळ शाबूत राहिला. काका म्हणाले, मटेरियल कच्चं आहे. ते नारळाबद्दल बोलत नव्हते.

दर फॉलमध्ये, म्हणजे शरदात पानं लाल झाली की, सॅमन मासे सरोवरातून अंडी घालायला त्या नदीत चढायचे. ते बघायला आम्ही निघायचो. मागे काका, पुढे पद्मजाकाकू. काकू बाळंतपणाच्या डॉक्टर. त्या वल्हं कमी मारायच्या, सूचना जास्त करायच्या. आमचं तिघांचं छान चाललं होतं.

मग काकांची ओहायोत, डब्लिनला बदली झाली. तिथल्या गॅरेजात एक तर गाडी मावणार होती, नाही तर मी. मला मित्राला, प्रतापकाकांना, देऊन टाकायचं ठरलं. ते खाली पुलापाशी थांबणार होते. त्या शेवटच्या फेरीत काका अगदी सावकाश वल्हवत होते. नदीने जरा लांब व्हावं, असं मला फार वाटत होतं.

एका वळणावर पाणी उथळ झालं आणि मी खडीत रुतले. समोरच सॅमनची एक मादी शेपटीने खडी उकरून अंड्यांसाठी खळगा करत होती. काका पँट दुमडून मला ओढायला उतरू लागले.

"अहो, बाळंतिणीच्या खोलीत बूट घालून शिरता का?" काकू म्हणाल्या.

काकांनी पाय वर घेतला. प्रताप ताटकळला असेल, असं ते पुटपुटले. काकू म्हणाल्या, ताटकळू दे. दोघं वल्ही मांडीवर घेऊन बसली. काकूंचा हात माझ्या पोच्यावर होता आणि काका त्या हाताकडे बघत होते. बऱ्याच वेळाने मादी बाजूला झाली, तेव्हा काकांनी वल्हं टेकवून मला अलगद मागे सरकवलं आणि पलीकडच्या खोल पाण्यातून काढलं.

पुलापाशी प्रतापकाका वैतागले होते. इतका वेळ कसला लागला, असं त्यांनी विचारलं.

"बाळंतपण होतं," काका म्हणाले.

शेजारी डॉक्टरीणबाई उभ्या, त्यामुळे प्रतापकाकांना खरंच वाटलं.

"सगळं सुखरूप ना?"

"सुखरूप." काकांनी माझ्या नाकावरून बोट फिरवलं. "प्रताप, ही नाही देत रे. गाडी राहील बाहेर."

तेव्हापासून डब्लिनला गाडी बर्फात असते आणि मी गॅरेजात. माझ्या पोटात आकाशकंदील आणि जुने कोट ठेवतात. जाता-येता काकू नाकावरून हात फिरवतात.

मित्रांनो, पोचा पडला म्हणून कुणाला टाकून देऊ नका. उथळ पाण्यात घाई करू नका. आणि नारळ दगडावर फोडा.