एकेक बूट

बाबांचे बूट अठरा वर्षांचे होते, आणि धाकट्याची अक्कल, ताईच्या मते, त्याहून लहान.

रोज सकाळी कालव्याच्या दारावर जाऊन पाण्याची उंची टिपून आणायची हे बाबांचं काम. वाट सगळी ओल्या गवतातून. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती, उजव्या टाचेला भेग पडली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "पाय कोरडे ठेवा. चिघळलं तर अंगठा काढावा लागेल." नवे बूट आणले, ते चावले. म्हणजे जुन्यांनीच पुन्हा पाणी अडवायला हवं होतं, तेही सोमवारच्या आत. बाबांची रजा तेव्हा संपणार होती.

शनिवारी ताईने नाड्या काढल्या, वर्षानुवर्षांचं पॉलिश ओल्या फडक्याने खरवडून काढलं आणि बूट सावलीत ठेवले. तेवढ्यात धाकटा उगवला. चार महिन्यांनी. हातात फवाऱ्याचा डबा.

"ताई, अजून मेणच चोळतेस? दोन फवारे, दहा मिनिटं, विषय संपला."

"डब्यावर बदक आहे म्हणून विश्वास ठेवलास का रे?"

"वाचून आणलंय."

"वाचतोस? कधीपासून?"

बाबा हसले, पण लेकाकडे बघून. "भांडू नका. बूट दोन आहेत, एकेक घ्या."

धाकट्याने उजवा उचलला. 'कोरड्या चामड्यावर मारा' असं डब्यावर होतं, म्हणून त्याने तो ओला बूट सरळ हीटरवर चढवला आणि स्वतः फोन घेऊन सोफ्यावर आडवा झाला. तासाभराने फवारा मारून चमक सगळ्यांना दाखवत फिरला. ताईने डावा बूट गालाला लावून पाहिला. गार लागला, म्हणजे आत ओल होती. तिने तो परत सावलीत ठेवला.

"उद्यापर्यंत थांबणार? धन्य आहे तुझी!"

ताईने त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवायची तिला सवयच नव्हती. ती नुसती बघायची, आणि समोरच्याला आपल्या शर्टाचं बटण तुटलंय की काय असं वाटायचं.

रविवारी तिने मेण तळहातांत ऊब देऊन मऊ केलं, बोटांनी चामड्यात जिरवलं, तळ जिथे शिवलेला असतो तिथे दात घासायच्या जुन्या ब्रशने टाक्या-टाक्यांत भरलं. संध्याकाळी परातीत चार बोटं पाणी घातलं आणि आत कोरड्या कागदाचे बोळे कोंबून दोन्ही बूट त्यात उभे केले.

तासाने डाव्यातला कागद कुरकुरीत निघाला. उजव्यातल्याचा लगदा झाला होता. बोटांपाशी जिथे बूट वाकतो, तिथे चामडं आडवं तडकलं होतं.

"जुनंच होतं ते चामडं," धाकटा म्हणाला.

"बाबांपेक्षा जुनं नव्हतं. उद्या त्यांनाही हीटरवर ठेवशील."

"असू दे गं," बाबा घाईने म्हणाले. "उजवा पाय तसा बराच आहे. झाला ओला तर झाला."

ताईला आता दोघांचीही कीव आली. लेकाचा मूर्खपणा झाकायला बाप आपला पाय द्यायला निघाला होता!

"तडकलेल्यात मेण टिकत नाही," ती शांतपणे म्हणाली. "बूट मोच्याकडे जाईल. तो आतून ठिगळ लावेल, आठ दिवस घेईल. तोवर पाणी बघायला हा जाईल."

"मी? माझं ऑफिस?"

"लॅपटॉपमध्ये आहे ना? कालच फुशारकी मारत होतास. आणि वर कचेरीत आकडा लागतो, पाय कोणाचे ते विचारत नाहीत."

बाबांनी तोंड उघडलं. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मिटलं.

सोमवारी धाकटा स्वतःच्या निमुळत्या, गुळगुळीत बुटांवर अख्खा डबा रिकामा करून निघाला. परतला तो पचपच वाजत. दारातच बसकण मारून त्याने बूट ओढून काढले आणि हीटर कुठे आहे ते नजरेनं शोधलं.

ताईने जुनी वर्तमानपत्रं त्याच्यापुढे टाकली. "बोळे करून कोंब आत. आणि तिकडे बघूसुद्धा नकोस."

बाबा खिडकीपाशी कोरडे मोजे घालून बसले होते. "किती होतं रे पाणी?"

"चार फूट दोन इंच, बाबा."

"आणि बुटात?" ताईने विचारलं.